‘पचणे’ संपते तिथे ‘चयापचय’ सुरू होतो

औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास भेटते: हे औषध मुख्यतः यकृतात ‘मेटाबोलाइज’ होते. डॉक्टरांच्या बोलण्यातही हाच शब्द असतो. ऐकणारा मनातल्या मनात त्याचे मराठी करून टाकतो, ‘म्हणजे यकृतात पचते.’ सोयीचे आहे, पण चूक आहे. आणि ही चूक पुढे दारू, पॅरासिटामॉल, कॉफी, वजन अशा प्रत्येक विषयात गोंधळ घालते.

पचन ही नळीतली गोष्ट आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जी लांबलचक नळी जाते, तिच्या पोकळीत अन्नाचे तुकडे होतात. स्टार्चचे ग्लुकोज होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, तेला-तुपाची मेदाम्ले सुटी होतात. ही पोकळी काटेकोरपणे पाहिले तर शरीराच्या बाहेरच आहे, जसे मण्याचे भोक मण्याच्या बाहेर असते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज रक्तात उतरले की पचन संपले. पुढे ते एखाद्या पेशीत शिरते आणि तिथे त्याची रासायनिक घडण बदलते. त्या बदलाचे नाव चयापचय, इंग्रजीत ‘मेटाबॉलिझम’.

दोन्हींतला फरक तपासायचा तर शिरेतून चढवलेले ग्लुकोज घ्या. ते आतड्यात गेलेच नाही, म्हणजे पचन शून्य. तरी पेशी त्याचा चयापचय पुरेपूर करतात. उलट, अन्नातला चोथा गिळला, नळीतून गेला, बाहेर पडला. त्यातला काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात एवढेच. आपल्या स्वतःच्या पेशींनी चोथ्यातल्या सेल्युलोजला हातही लावलेला नसतो.

मराठीत या सगळ्या प्रवासासाठी क्रियापदांची वाण नाही. अन्न ‘पचते’, पाणी ‘जिरते’, विष अंगात ‘भिनते’, नशा ‘चढते’ आणि ‘उतरते’, एखाद्याला खाल्लेले ‘अंगी लागते’ आणि एखाद्याला लागत नाही. नीट पाहिले तर ‘जिरणे’ आणि ‘भिनणे’ ही शोषणाची आणि पसरण्याची क्रियापदे आहेत. ‘अंगी लागणे’ हे खाल्ल्याचे शरीर बनण्याबद्दल आहे, आणि ‘उतरणे’ हे पदार्थाचा अंमल संपण्याबद्दल. मधली जी रासायनिक उलथापालथ, तिला बोलीत एकच असे क्रियापद नाही, कारण ती कोणाला दिसत नाही. म्हणून शास्त्राच्या भाषेला शब्द घडवावा लागला.

चयापचय म्हणजे चय अधिक अपचय. दोन्हींत ‘चि’ हा धातू आहे, गोळा करणे, रचणे या अर्थाचा. ‘संचय’ आणि ‘समुच्चय’ त्याच घरातले. चय म्हणजे लहान रेणू जोडून मोठे रचणे: अमिनो आम्लांपासून स्नायूंतली प्रथिने, ग्लुकोजपासून ग्लायकोजेन. अपचय म्हणजे मोठे रेणू मोडणे आणि त्यातली ऊर्जा काढून घेणे. मराठी शब्द या बाबतीत ग्रीक मुळापेक्षा बोलका आहे. ग्रीक ‘मेटाबोले’चा अर्थ नुसता ‘बदल’. १८३९ साली थिओडोर श्वान यांनी पेशींतल्या रासायनिक घडामोडींना त्यावरून विशेषण लावले. बदल कोणत्या दिशेने, हे त्या शब्दातून कळत नाही. चयापचयात दोन्ही दिशा नावातच आहेत.

एक सावधगिरी. ‘अपचय’ आणि ‘अपचन’ यांचा काही संबंध नाही. अपचन म्हणजे पोटाची तक्रार. अपचय ही निरोगी माणसात क्षणभरही न थांबणारी क्रिया. ‘अपचय वाढला’ हे वाचून कुणाला करपट ढेकर आठवत असतील, तर दोष शब्दांच्या दिसण्याचा.

अपचयाचे सर्वांत परिचित उदाहरण ग्लुकोजचे. पेशीत शिरल्यावर दहा पायऱ्यांमध्ये त्याच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि निव्वळ २ एटीपी हाती लागतात. एटीपी हा पेशीचा सुटा पैसा; स्नायूचे आकुंचन असो की नवे प्रथिन बांधणे, व्यवहार बहुधा त्यातच चालतो. प्राणवायू मिळत असेल तर ते तुकडे मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, जातात आणि एकूण प्राप्ती ३० ते ३२ एटीपीपर्यंत पोहोचते. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. कोणत्याही एका वेळी शरीरात एटीपी शंभरेक ग्रॅमच्या आतच असते, पण मोडणे आणि पुन्हा घडवणे इतक्या वेगाने चालते की दिवसभराची उलाढाल स्वतःच्या वजनाइतकी भरते. लगेच नको असलेले ग्लुकोज चयाच्या वाटेने साठवले जाते: यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, स्नायूंत त्याच्या चौपट. ते कोठार भरले की पुढची रक्कम चरबीत.

आता क्रियापदाकडे. ‘शरीर अमुक पदार्थाचा चयापचय करते’ हे वाक्य ऐकले की लगेच विचारावे: कशात? हे क्रियापद ‘संपवणे’ या अर्थाचे नाही, ‘बदलणे’ या अर्थाचे आहे, आणि बदलून काय झाले हे सांगितल्याशिवाय वाक्य अर्धेच राहते. नवा पदार्थ निरुपद्रवी असेल, मूळ पदार्थाहून गुणकारी असेल, किंवा विषही असेल.

दारूतल्या इथेनॉलपासून सुरुवात करू. यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइड करते. दुसरे विकर त्याचे ॲसिटेट करते, आणि ॲसिटेटचे पुढे शरीरभर कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. मधला ॲसिटाल्डिहाइड जहरी आहे. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये दुसरे विकर जन्मतःच दुबळे असते. त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड साचतो, चेहरा लालबुंद होतो, धडधड आणि मळमळ सुरू होते. व्यसन सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम मुद्दाम हेच दुसरे विकर अडवते.

मिथेनॉलची गत याहून वाईट. ते स्वतः फारसे घातक नसते. पण पहिले विकर त्याचे फॉर्माल्डिहाइड करते आणि त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते. विषारी दारूने डोळे जातात ते या आम्लामुळे. म्हणून उपचारात ते विकरच अडवतात: फोमेपिझोल देऊन, किंवा ते नसेल तर रुग्णालयाच्या देखरेखीखाली इथेनॉल देऊन, कारण विकर इथेनॉलला आधी धरते आणि मिथेनॉल न बदलता हळूहळू बाहेर पडते. इथे चयापचय रोखणे हाच उतारा आहे. ‘शरीर विषाचा निचरा करते’ अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे: यकृताला विष आणि औषध असा भेद कळत नाही, त्याला रेणूचा आकार कळतो.

मग यकृत हा खटाटोप करते कशासाठी? कारण मूत्रपिंडात दडले आहे. बरीच औषधे चरबीत विरघळणारी असतात, म्हणून तर ती पेशींच्या पडद्यांतून आत शिरतात. मूत्रपिंडाने ती गाळली, तरी त्याच गुणामुळे ती नलिकेच्या भिंतीतून झिरपून पुन्हा रक्तात येतात. त्यांना बाहेर काढायचे तर पाण्यात विरघळणारे करावे लागते. यकृत हे साधारण दोन टप्प्यांत करते. आधी रेणूला एखादी ‘मूठ’ बसवायची. हे काम बहुतेक वेळा सायटोक्रोम पी-४५० घराण्यातली विकरे करतात. मग त्या मुठीला ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट असे पाणीप्रिय ओझे बांधायचे. मूठ आधीपासून असेल तर थेट दुसरा टप्पा. रक्तपेशी मोडून निघणारे पिवळे बिलिरुबिनही असेच ओझे बांधून पित्तातून बाहेर जाते. नवजात बाळात हे बांधणारे विकर अजून पुरते कामाला लागलेले नसते, आणि बाळ पिवळे दिसण्याचे ते एक मुख्य कारण.

पॅरासिटामॉलमध्ये दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. नेहमीच्या मात्रेत त्याचा बहुतेक भाग सरळ ओझे बांधून लघवीतून जातो. सुमारे ५ ते १० टक्के भाग मात्र सायटोक्रोमच्या वाटेने जातो आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचा अत्यंत आक्रमक पदार्थ तयार होतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला जागच्या जागी निष्प्रभ करते, म्हणून एरवी काही बिघडत नाही. मात्रा फार वाढली की ओझे बांधणाऱ्या वाटा तुंबतात, जास्त औषध सायटोक्रोमच्या वाटेला लागते, ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि एनएपीक्यूआय यकृताच्या पेशींनाच चिकटू लागतो. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा यासाठीच आहे. वजन कमी असेल, उपासमार झाली असेल किंवा रोजची दारू असेल तर ती मर्यादाही जास्त ठरू शकते. सर्वांत फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी माणसाला विशेष काही वाटत नाही. यकृताची हानी पुढच्या दोन-तीन दिवसांत उघड होते. उतारा म्हणून दिले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरते आणि पहिल्या ८ तासांत दिले तर उत्तम काम करते. म्हणून ‘बरे वाटते आहे, उद्या पाहू’ हे इथे चालत नाही. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना बेरीज करायची राहते, आणि अनवधानाने जास्त मात्रा जाते ती इथेच.

काही औषधे गिळताना निष्क्रिय असतात आणि चयापचयाने जागी होतात. कोडीनचा थोडासाच भाग यकृतात मॉर्फिन होतो, आणि वेदना शमते ती प्रामुख्याने त्या मॉर्फिनने. हा बदल घडवणारे विकर काहींमध्ये जवळपास नसतेच. त्यांना कोडीनने फरक पडत नाही. काहींमध्ये ते जरुरीपेक्षा जोरात चालते. नेहमीच्या मात्रेतही मॉर्फिन धोक्याच्या पातळीवर जाते आणि श्वास मंदावतो. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असे बजावले, ते याच कारणाने.

आणि काही पदार्थांचा चयापचय होतच नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन शरीरात जसे येते तसेच मूत्रपिंडातून बाहेर जाते. म्हणून ते घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करतात. मूत्रपिंड थकले तर यकृत मदतीला येणार नाही. औषध म्हणून दिले जाणारे लिथियम हे तर मूलद्रव्य, त्याचे मोडून काय करणार? अशा पदार्थांबद्दल ‘शरीर ते पचवते’ असे लिहिणे हा शुद्ध शब्दभ्रम.

दुसरा प्रश्न: कुठे? तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून थेट हृदयाकडे जात नाही. एक खास शीर ते आधी यकृतात नेते. तिथे पहिल्याच फेरीत बराच भाग बदलून जातो. छातीच्या कळेवरची नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, कारण तिथून ती यकृत चुकवून रक्तात जाते. गिळली तर पहिल्या फेरीत जवळपास वाया. मॉर्फिनची तोंडाने घ्यायची मात्रा इंजेक्शनच्या साधारण तिप्पट असते, तेही यामुळेच. आतड्याच्या भिंतीतही ही विकरे असतात, आणि ग्रेपफ्रूटचा रस तिथल्या एका महत्त्वाच्या विकराला निकामी करतो. परिणामी कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या काही औषधांचे रक्तातले प्रमाण एकदम चढते. सकाळी रस आणि संध्याकाळी गोळी अशी फारकत केल्यानेही पुरेसे भागत नाही, कारण विकर नव्याने तयार व्हायला दिवस लागतो, कधी त्याहून जास्त.

तिसरा प्रश्न: किती वेगाने? बहुतेक पदार्थांसाठी याचे उत्तर अर्धायुकालात देतात, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ. प्रौढांमध्ये कॅफिनचा अर्धायुकाल सुमारे ५ तास. दुपारी ४ वाजता २०० मिलिग्रॅम कॅफिन घेतले, तर रात्री ९ ला १०० उरते आणि मध्यरात्रीनंतर २ ला अजून ५० शिल्लक असते. झोप न लागण्याचा हिशेब यातच आहे. पण हा आकडा सरासरीचा. धूम्रपान करणाऱ्यांत तो जवळपास निम्म्यावर येतो, कारण धुरातली रसायने संबंधित विकर वाढवतात. निकोटिनचा यात हात नाही. त्यामुळे सिगारेट सोडलेल्या माणसाला नेहमीचीच कॉफी एकाएकी जड जाऊ लागते आणि तो त्या अस्वस्थतेचे खापर सिगारेट सोडण्यावर फोडतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत अर्धायुकाल १५ तासांच्या आसपास जातो, नवजात बाळात तर तीन-चार दिवसांपर्यंत. पाच अर्धायुकाल उलटले की मूळ प्रमाणाच्या सुमारे ३ टक्के उरते. ‘औषध अंगातून गेले’ असे व्यवहारात तेव्हा म्हणतात.

इथेनॉल या नियमाला जुमानत नाही. थोड्याच प्रमाणात त्याचे विकर पूर्ण गुंतून जाते, म्हणून रक्तात कितीही असले तरी वेग ठरावीकच राहतो: साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम. काळी कॉफी, थंड पाणी, लिंबू, व्यायाम, यांपैकी काहीही विकराला घाई करायला लावत नाही. कॉफीने माणूस फार तर जागा होतो. रक्तातले प्रमाण उतरायचे त्याच वेगाने उतरते.

विकर मुळातच नसेल तर काय होते, हे फिनाइलकीटोन्युरियात दिसते. प्रथिनांतल्या फिनाइलॲलनिनचे टायरोसिन करणारे विकर काम करत नाही, फिनाइलॲलनिन साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. १९३४ साली नॉर्वेच्या अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी हा दोष ओळखला. अनेक देशांत पहिल्या काही दिवसांत बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जी तपासणी करतात, तिच्यात हा आजारही पाहतात. वेळीच आहार बदलला तर मेंदू वाचतो. ॲस्पार्टेम घातलेल्या गोड पदार्थांवर ‘फिनाइलॲलनिन आहे’ असा इशारा छापलेला असतो तो या रुग्णांसाठी, इतरांनी दचकायचे कारण नाही.

आता बोलण्यात सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वाधिक झिजलेला प्रयोग: ‘माझं मेटाबॉलिझम स्लो आहे.’ इथे शब्दाचा अर्थ बदलला आहे. एखाद्या पदार्थाचे काय होते हा प्रश्न उरलेला नाही. शरीर दिवसाला एकूण किती ऊर्जा खर्च करते, असे म्हणायचे असते. या खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग नुसते पडून राहण्यातच जातो. दर किलोमागे दिवसाचा हिशेब मांडला तर हृदय आणि मूत्रपिंडे प्रत्येकी सुमारे ४४० किलोकॅलरी घेतात, मेंदू २४०, यकृत २००, विश्रांतीतला स्नायू फक्त १३ आणि चरबी ४.५. म्हणजे दोन किलो स्नायू कमावले तर पडून राहण्याचा खर्च दिवसाला २६ किलोकॅलरीने वाढतो. व्यायामाचे फायदे अनेक आहेत, पण ‘मेटाबॉलिझम दुप्पट करा’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. ‘तिशीनंतर मंदावते’ हेही असेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा खर्च मोजला. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर तो २० ते ६० या वयात स्थिर निघाला, आणि साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरला. थायरॉइडच्या आजारात खर्च खरोखर बदलतो, पण ते रक्ताच्या तपासणीने ठरते, आरशाने नाही.

चरबी ‘जळते’ हेही रूपकच. १० किलो चरबीचा पूर्ण अपचय झाला तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासातून जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. घामाच्या धारा हा तिचा मार्ग नव्हे. तो गेलेला घाम पाणी प्यायले की परत येतो.

लिहिताना दोन अडचणी येतात. पहिली लिंगाची. चय आणि अपचय दोन्ही पुल्लिंगी, संचयासारखे. त्यामुळे ‘औषधाचा चयापचय होतो’ हे व्याकरणाला धरून आहे. ‘चयापचय होते’ असे नपुंसकलिंगीही सर्रास लिहिलेले आढळते. भांडण टाळायचे तर ‘चयापचयाची क्रिया’ म्हणावे. दुसरी अडचण ‘करणे’ आणि ‘होणे’ यांची. इंग्रजीच्या वळणाने ‘यकृत औषधाचा चयापचय करते’ असे लिहिता येते, चूकही नाही; पण मराठीला ‘औषधाचा चयापचय यकृतात होतो’ हे अधिक मानवते. रुग्णाशी बोलताना तर हा शब्द सोडूनच द्यावा. ‘यकृत या औषधाचं रूप बदलतं, आणि मग ते लघवीतून जातं’ यात काय, कुठे आणि पुढे काय, तिन्ही आले.

अलीकडे इंग्रजीत दुःख किंवा धक्काही ‘मेटाबोलाइज’ करतात, आणि ते वळण भाषांतरातून मराठीत डोकावू लागले आहे. तिथे मात्र चयापचयाला बोलावू नये. अपमान ‘पचवायचा’ असतो, दुःख ‘गिळायचे’ असते आणि एखाद्याची मस्ती ‘जिरवायची’ असते. यकृताचा त्यात काही संबंध येत नाही.